काउंटरटेनर आणि पियानो: बारोक गीतांचा अल्बम करताना आधी बासची ओळ पाहावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पाश्चात्त्य कंठसंगीत शिकणाऱ्या एका काउंटरटेनर गायकाला (म्हणजे फॉल्सेटोत, छातीच्या नव्हे तर वरच्या हलक्या आवाजात, आल्टोच्या उंचीवर गाणाऱ्या पुरुषाला) आपल्या पियानोवादक सहकाऱ्यासोबत बारोक, म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातल्या गीतांचा तासाभराचा अल्बम ध्वनिमुद्रित करायचा आहे. हार्पसिकॉर्ड (तारा छेडून वाजणारे जुने पट्ट्यांचे वाद्य) किंवा ल्यूट (बोटांनी छेडायचे तंतुवाद्य) हाताशी नाही. ही गीते पियानोवर करणे कितपत ग्राह्य आहे, गीते कोणती निवडावीत, स्वरलिपी कोणती वापरावी, पट्टी कोणती ठेवावी आणि ध्वनिमुद्रणात काय सांभाळावे, असे त्याने विचारले आहे. मी अनेक वर्षे गायकांना पियानोची साथ करतो आहे आणि त्यांत काउंटरटेनरही आहेत. त्यामुळे हे उत्तर बहुतांशी पियानोच्या बाजूने येईल. गळ्याविषयी तुमचे गुरू माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकतील.

ग्राह्यतेचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यावर होणारी चर्चा जितकी तावातावाने होते तितकी ती फलदायी नसते. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो 1700 च्या सुमारास बनवला, म्हणजे बारोक संगीतकार हँडेल पंधरा वर्षांचा होता तेव्हा. त्या काळचा सर्वांत विख्यात कास्त्रातो (लहानपणी खच्चीकरण केल्याने उंच आवाज टिकलेला) गायक फारिनेल्ली याच्याकडे 1730 मध्ये फ्लॉरेन्समध्ये बनलेला एक पियानो होता आणि आपल्या साऱ्या वाद्यांत त्याला तोच अधिक प्रिय होता, अशी नोंद 1770 मध्ये बोलोन्यात त्याला भेटलेल्या चार्ल्स बर्नी या इंग्लिश संगीत-इतिहासकाराने करून ठेवली आहे. परंतु या गोष्टीचा आधार घेऊन आजच्या कॉन्सर्ट ग्रँडचे समर्थन करू नये. क्रिस्तोफोरीच्या वाद्याला चार-साडेचार सप्तकांपुरत्याच पट्ट्या होत्या, हातोड्या हलक्या होत्या आणि चौकट लाकडी होती. आजच्या 88 पट्ट्यांच्या, लोखंडी चौकटीच्या पियानोशी त्याचे नाते दूरचे आहे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो विसाव्या शतकातला पुरावा. आल्फ्रेड डेलर या गायकाला मायकेल टिपेट या इंग्लिश संगीतकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कँटरबरी कॅथीड्रलमध्ये ऐकले आणि 29 सप्टेंबर 1946 रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या नव्या रेडिओवाहिनीच्या उद्घाटनाच्या प्रसारणात डेलर सतराव्या शतकातला इंग्लिश संगीतकार पर्सेल याची रचना गायला. आधुनिक काउंटरटेनरची मैफलीतली वाटचाल इथून सुरू झाली असे मानतात. नेमक्या त्याच दशकात बेंजामिन ब्रिटन हा संगीतकार पीटर पिअर्स या टेनरसाठी पर्सेलची गीते पियानोकरिता बांधत होता आणि स्वतः वाजवत होता. टिपेटही वॉल्टर बर्गमनबरोबर पर्सेलच्या गीतांच्या आवृत्त्या तयार करत होता. म्हणजे काउंटरटेनरचे पुनरागमन आणि पर्सेलचे पियानोवरचे पुनरागमन ही एकाच वर्तुळातल्या माणसांची, एकाच वेळची कामे आहेत. त्यांतले एक अस्सल आणि दुसरे भेसळीचे असे म्हणायला जागा नाही. डेव्हिड डॅनियल्सने मार्टिन कॅट्झच्या पियानोच्या साथीने 1999 मध्ये काढलेल्या अल्बममध्ये जुन्या इटालियन गीतांना आणि पर्सेलला शूबर्ट, गूनो, पूलँक यांच्या शेजारी बसवले होते. तेव्हा वाट मोकळी आहे. तिच्यावर कसे चालायचे एवढाच प्रश्न उरतो.

आता मुख्य गोष्ट. गीतांची निवड गळ्यावरून, शब्दांवरून किंवा प्रसिद्धीवरून करण्याआधी बासच्या ओळीवरून करावी. बारोक गायनसंगीताचे आपल्या कामापुरते दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात संगीतकाराने फक्त दोन ओळी लिहिलेल्या असतात, गायकाची आणि बासची. बासच्या ओळीवर काही वेळा आकडे असतात, काही वेळा तेही नसतात, आणि त्या आकड्यांवरून मधले स्वर साथीदाराने आयत्या वेळी भरायचे असतात. यालाच कंटिन्युओ म्हणतात. दुसऱ्या वर्गात व्हायोलिने, ओबो, कधी बासरी यांच्यासाठी पूर्ण लिहिलेली वाद्यवृंदाची साथ असते. ऑपेरातल्या बहुतेक नामांकित आरिया (एकल गीते) या वर्गातल्या. पहिल्या वर्गात उजव्या हाताचे काम संगीतकाराने साथीदारावरच सोपवलेले आहे. तिथे पियानोवादक दुसऱ्या वाद्याची नक्कल करत नाही, तर स्वतःला दिलेले कामच करतो. दुसऱ्या वर्गात मात्र तो वाद्यवृंदाचा सारांश वाजवतो, आणि सारांश तासभर ऐकवत नाही.

हँडेलच्या ‘सेर्से’ या 1738 च्या ऑपेरातली ‘ओम्ब्रा माइ फू’ ही आरिया तुमच्या यादीत असेल असे मी गृहीत धरतो, कारण ती प्रत्येकाच्या यादीत असते. ती काफारेल्लीसाठी लिहिलेली आहे. गायकाचा पहिला दीर्घ स्वर हळूहळू फुलत जातो तो तंतुवाद्यांच्या, गजाने जोडलेल्या संथ कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांवर. पियानोचा प्रत्येक स्वर मात्र हातोडी पडताक्षणी विरायला लागतो. त्यामुळे गायकाचा स्वर वाढत असताना खालची साथ सतत घटत राहते आणि ती भरून काढण्यासाठी पियानोवादक कॉर्ड्स अधिक जोराने वाजवू लागतो. मैफलीच्या शेवटी आग्रहास्तव ही आरिया गायली तर कोणी तक्रार करणार नाही. अल्बममध्ये मात्र ऐकणारा ती पुन्हा पुन्हा ऐकतो आणि ज्याने एकदा वाद्यवृंदासह ऐकली आहे त्याला दर वेळी काहीतरी कमी असल्याची जाणीव होते. ‘रिनाल्दो’ आणि ‘रोदेलिंदा’ यांतल्या आरियांबद्दलही माझे मत हेच आहे. एखादी ठेवायचीच असेल तर एकच ठेवा, आणि ती सुरुवातीला ठेवू नका.

कंटिन्युओ गीतांचा साठा मोठा आहे. एकट्या आलेस्सांद्रो स्कारलात्तीने 600 हून अधिक कांताता (अनेक भागांच्या गायनरचना) लिहिल्या, त्यांपैकी बहुसंख्य एक आवाज आणि बास एवढ्यासाठीच. हँडेलने तरुणपणी इटलीत असताना लिहिलेल्या कांतातांतही अशा कित्येक आहेत आणि काही थेट आल्टोच्या पट्टीतल्या आहेत. व्हेनिसच्या बार्बारा स्त्रोत्सीचे संग्रह आहेत. बाखच्या बाजूला 1736 ची शेमेल्लीची भजनसंहिता आहे, जिच्यात 69 गीते फक्त चाल आणि आकडेयुक्त बास अशी छापलेली आहेत. ‘कोम, झ्यूसर टोड’ त्यांतलेच. ही गीते लहान आहेत, दोन-तीन मिनिटांत संपतात आणि मोठ्या रचनांच्या मध्ये श्वास घ्यायला फार उपयोगी पडतात. फ्रेंच एअर मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यांतला ‘ओत-काँत्र’ हा उंच टेनरचा आवाज आहे, फॉल्सेटोचा नव्हे, आणि त्या गीतांतली बारीक अलंकरणे ल्यूटच्या किंवा थिओर्बोच्या मऊ तारांवर जशी टेकतात तशी पियानोवर टेकत नाहीत.

माझ्या मते अल्बमचा कणा पर्सेलच असावा, आणि त्यातही ग्राउंड बासवरची गीते. ग्राउंड बास म्हणजे बासचा एक ठरावीक तुकडा गीतभर पुन्हा पुन्हा येत राहणे. 1692 मध्ये ‘ईडिपस’ या नाटकासाठी लिहिलेले ‘म्युझिक फॉर अ व्हाइल’ यात तो तुकडा तीन बारांचा (बार म्हणजे लयीचे एक माप) आहे आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी वर सरकतो. ओळ दिसायला एक असली तरी तिच्या उड्यांत दोन आवाज दडलेले आहेत, एक खालून चढणारा आणि एक वरून त्याला साथ देणारा. हार्पसिकॉर्डवर हे दोन आवाज वेगळे दाखवण्यासाठी वादकाला स्वर किती काळ धरायचा एवढाच उपाय असतो. पियानोवर त्यासोबत वजनही वेगळे देता येते आणि या गीतात पियानोचा खरा लाभ तोच आहे. मात्र पेडल दाबून ठेवला तर चढणारे अर्धस्वर एकमेकांत मिसळून सगळा डावा हात धूसर होतो. मी हा तुकडा पेडलशिवाय बसवतो, खालचा स्वर बोटाने जरा अधिक धरून ठेवतो, आणि पेडल फक्त उजव्या हाताच्या कॉर्डला रंग हवा असेल तिथे अर्धाच वापरतो. सूडदेवता अलेक्टोच्या डोक्यावरचे साप गळून पडतात त्या ठिकाणी गायकाचा एकच शब्द ठोक्याच्या मध्ये तुटक-तुटक पुन्हा येतो. तिथे पियानोने उजवा हात जवळजवळ रिकामा ठेवावा. त्या थेंबांवर दुसरे थेंब टाकू नयेत.

‘ॲन ईव्हनिंग हिम’ हे 1688 च्या ‘हार्मोनिया साक्रा’ या संग्रहातले गीत त्याच्या उलट स्वभावाचे आहे. ग्राउंड पाच बारांचा आहे, आणि गायकाची वाक्ये त्या पाच बारांच्या सीमा मुद्दाम ओलांडून जातात. पियानोवादकाने तुकड्याची प्रत्येक सुरुवात ठळक केली तर ही गंमत नष्ट होते. शेवटच्या लांब ‘हॅलेलुया’त गायकाला श्वासाची जागा ठरवावी लागते आणि ती ग्राउंडच्या जोडावर नसावी. हे गीत जवळपास प्रत्येक अल्बमच्या शेवटी येते. मी ते शेवटून तिसरे ठेवीन, कारण शेवटी ठेवले की ऐकणारा शब्द ऐकण्याऐवजी समारोप ऐकू लागतो.

ग्राउंड बासच्या टोकाचे उदाहरण हवे असेल तर तार्क्विनियो मेरुलाची ‘कान्त्सोनेत्ता स्पिरितुआले सोप्रा ला नान्ना’ पाहा. ही मरियेने बाळ येशूसाठी गायलेली अंगाई आहे. बासमध्ये फक्त दोन स्वर आहेत, ए आणि बी-फ्लॅट, आणि ते मागेपुढे होत राहतात. कडव्यामागून कडव्यात बाळाला पुढे सोसाव्या लागणाऱ्या यातना येतात, पण बास बदलत नाही. बाळ झोपल्यावरच ते दोन स्वर थांबतात आणि गायकी बोलण्याच्या अंगाने जाते. काउंटरटेनर आणि पियानो या जोडीसाठी यापेक्षा अधिक अनुरूप रचना मला माहीत नाही. पहिली दोन कडवी उजवा हात न वाजवताच काढावीत. नंतर एक स्वर, मग दोन, अशी भर घालावी आणि यातनांच्या वर्णनापाशी टोचणारे स्वर येऊ द्यावेत. दोन स्वरांची ही आवृत्ती दर वेळी वेगळ्या वजनाने वाजवणे हे कौशल्याचे काम आहे आणि तुमच्या सहकाऱ्याने त्याला ‘सोपे’ समजू नये. स्त्रोत्सीचे 1664 च्या संग्रहातले ‘के सी पुओ फारे’ याच कुळातले आहे. तिथे उतरणाऱ्या चार स्वरांवर सगळी वेदना उभी आहे. मेरुला आणि स्त्रोत्सी एकापाठोपाठ एक ठेवू नयेत, दोन्हींची तीव्रता कमी होते.

आता उजव्या हाताविषयी, कारण अल्बम चांगला की सामान्य हे तिथे ठरते. काउंटरटेनरचा कामाचा पल्ला साधारण मधल्या सी-खालच्या जीपासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या डी किंवा ईपर्यंत असतो, आणि पियानोचा सर्वांत भरगच्च, सर्वांत जड आवाजाचा भाग नेमका तिथेच असतो. फॉल्सेटोत मूळ स्वर ठळक असतो, वरचे उपस्वर तुलनेने कमी असतात. टेनरच्या किंवा सोप्रानोच्या गळ्यात वाद्याला भेदून जाणारी जी धार असते ती इथे कमी पडते. पियानोने त्याच पट्टीत चार-पाच स्वरांच्या कॉर्ड्स वाजवल्या की गायक झाकला जातो, आणि तो जोर लावू लागला की त्याच्या आवाजातला मऊपणा, ज्यासाठी आपण त्याला ऐकतो, तो जातो. यावर उपाय पियानो हळू वाजवणे हा नाही. उपाय आहे स्वर कमी करणे. बहुतेक ठिकाणी बासवर दोन स्वर पुरतात, तीन क्वचित लागतात. ते गायकाच्या चालीच्या खाली राहावेत, चाल मंद्राकडे उतरली तर कधी तिच्या वर जावेत, पण तिच्याच उंचीवर गर्दी करू नयेत. गायकाची चाल उजव्या हाताने सोबत वाजवणे तर पूर्ण वर्ज्य समजावे.

हार्पसिकॉर्डवादक कॉर्ड सतत उलगडत, एकामागून एक स्वर सोडत झऱ्यासारखी वाजवतात, कारण त्यांच्या वाद्यात बोटाच्या जोराने आवाज कमीजास्त होत नाही आणि कॉर्ड किती सावकाश उलगडली यावरच तीव्रता दाखवता येते. पियानोला ती अडचण नाही. पियानोवर प्रत्येक कॉर्ड उलगडली की लगेच एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्याचा वास येतो. गद्यवत चालणाऱ्या भागात, म्हणजे रेसिटेटिव्हमध्ये, काही कॉर्ड्स उलगडाव्यात. बाकी ठिकाणी सरळ वाजवाव्यात. ट्रिल, मॉर्डेंट या अलंकारांची खैरात करून पियानोला हार्पसिकॉर्डसारखा किणकिणता करण्याचा प्रयत्नही मी कोणाला सुचवत नाही. तो अर्ध्या मिनिटात ओळखू येतो.

तयार स्वरलिपी कोणती घ्यावी, याचे उत्तर यातूनच निघते. ब्रिटनने बांधलेली पर्सेलची गीते वापरायची असतील तर ती ब्रिटनची रचना म्हणूनच वाजवा. त्यांतली पियानोची साथ धीट आहे, काही ठिकाणी पर्सेलपेक्षा ब्रिटनच अधिक ऐकू येतो, आणि मला ते आवडते. पण त्यातले थोडे गाळून, थोडे सौम्य करून वाजवले की दोघांवरही अन्याय होतो. एका अल्बममध्ये तीन-चार गीते ब्रिटनची आणि उरलेली तुमच्या सहकाऱ्याने स्वतः बांधलेली, असे करता येईल, फक्त दोन्ही प्रकार सरमिसळ न करता गटाने ठेवावेत.

आलेस्सांद्रो पारिसोत्तीच्या ‘आरिए आन्तिके’ या संग्रहाबद्दल मात्र सावध करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिकोर्दीने मिलानमध्ये छापलेला हा संग्रह आणि त्यातून निघालेली चोवीस इटालियन गीतांची पुस्तके आपल्याकडे प्रत्येक गायनवर्गात असतात. तुम्हीही ‘सेब्बेन, क्रुदेले’ आणि ‘ओ चेस्साते दी पियागार्मी’ त्यांतूनच शिकला असाल. ही गीते कालदारा आणि स्कारलात्ती यांच्या ऑपेरांतून आलेली आहेत, पण त्यांची पियानोची साथ पारिसोत्तीच्या काळाची आहे. भरगच्च कॉर्ड्स, जोर वाढवण्या-कमी करण्याच्या खुणा, जागोजागी पियानोत दुहेरी झालेली चाल, हे सगळे नंतरचे आहे. ‘से तू मामी’ हे तर पेर्गोलेसीच्या नावाखाली छापलेले गीत बहुधा पारिसोत्तीनेच रचले, असे आज मानले जाते. स्त्राविन्स्कीने 1920 च्या ‘पुल्चिनेल्ला’त ते पेर्गोलेसीचे समजून घेतले. ‘बिस्ट डू बाय मीअर’ची गोष्ट थोडी तशीच आहे. ते बाखच्या पत्नीच्या 1725 च्या वहीत आहे, पण मूळ रचना श्ट्योल्त्सेलची. अशी गीते गाऊ नयेत असे नव्हे. अल्बमवर ‘बारोक’ असे लिहायचे असेल तर मूळ संगीतकाराचे नाव बरोबर द्यावे, आणि पारिसोत्तीची साथ वाजवायची नसेल तर जुन्या छापील किंवा हस्तलिखित प्रतीवरून बासची मूळ ओळ शोधून नवी साथ बांधावी. अशा बऱ्याच प्रती आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

पट्टीचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारला आहे. आज बारोक वाद्यवृंद साधारणपणे ए हा स्वर 415 हर्ट्झला लावतात, तुमचा पियानो 440 किंवा 442 ला लागलेला असेल, म्हणजे फरक जवळपास एका अर्धस्वराचा. पियानो 415 ला उतरवण्याचा विचार करू नका. तारांचा ताण इतका कमी केला की वाद्य स्थिर राहत नाही आणि परत वर नेताना पुन्हा दिवसन् दिवस हलत राहते. त्यापेक्षा गीत एक अर्धस्वर किंवा एक स्वर खाली घ्यावे. कंटिन्युओ गीतांत हे सहज होते, मात्र पट्टी ठरवताना फक्त गायकाचा वरचा स्वर पाहू नये. बास फार खाली गेला तर पियानोच्या जाड तारांत तो बोलत नाही, नुसता घुमतो. आणि गायकाची चाल मधल्या सी-च्या आसपास, जिथे फॉल्सेटोतून छातीच्या आवाजात उतरावे लागते, तिथे सतत रेंगाळत असेल तर पट्टी चढवणेच बरे.

स्वरांतरांचा मुद्दा याहून नाजूक आहे. समस्वरित (सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून लावलेल्या) पियानोवरचा मेजर थर्ड, म्हणजे सा ते शुद्ध ग हे अंतर, शुद्ध थर्डपेक्षा सुमारे 14 सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. आपल्याकडे हार्मोनियमवरून झालेला वाद, 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्यावर घातलेली बंदी, हे सगळे आठवून मराठी वाचकाला हा मुद्दा लगेच कळेल. कंपनरहित, सरळ आवाजात गाणाऱ्या काउंटरटेनरच्या बाबतीत हा फरक विशेष ऐकू येतो, कारण लपायला व्हायब्रॅटो नसतो. पियानोचे ट्यूनिंग बदलून व्हालोत्ती किंवा तत्सम जुन्या पद्धतीने लावता येते, पण भाड्याच्या सभागृहात दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी रखमानिनॉव्ह असतो आणि व्यवस्थापक ते मान्य करत नाहीत; त्यांचेही बरोबरच आहे. सोपा उपाय असा की गायक शेवटच्या किंवा लांब स्वरावर थर्ड धरून असेल तेव्हा पियानोने कॉर्डमधून तो थर्ड वगळावा. मग गायकाला शुद्ध स्वराकडे सरकायला जागा मिळते आणि दोघांत कंप होत नाहीत. आकडेयुक्त बासवर साथ बांधताना ही एक गोष्ट जरी पाळली तरी संपूर्ण अल्बम अधिक सुरात वाटतो.

अलंकरणाबद्दल थोडक्यात. स्कारलात्ती आणि हँडेलच्या दा कापो रचनांत पहिला भाग परत येतो तेव्हा गायकाने तो सजवायचा असतो. तोसीने 1723 च्या आपल्या ग्रंथात हे गायकाचे कर्तव्यच मानले आहे. सजावट लिहून, पाठ करून, पण दोन-तीन पर्याय ठेवून ध्वनिमुद्रणाला जावे. कॅच्चीनीसारख्या 1602 च्या काळातल्या गीतांत अलंकार वेगळे, शब्दाच्या उच्चारातून निघणारे असतात, हँडेलच्या पद्धतीचे गुच्छ तिथे बसवू नयेत. पियानोवादकाने परतीच्या भागात काही बदल केला तर तो बासच्या लयीत करावा, चालीत नव्हे.

ध्वनिमुद्रणासाठी सभागृह निवडताना मुंबईत एनसीपीएसारख्या ठिकाणी उत्तम ग्रँड उपलब्ध असतात, पण वाद्याइतकेच शांततेकडे पाहावे. वातानुकूलन बंद करावे लागते, ते बंद झाले की दमट हवेत तासाभरात पियानो हलतो, म्हणून ट्यूनर दिवसभर हजर असावा आणि सकाळी व जेवणाच्या सुट्टीत असे किमान दोनदा ट्यूनिंग व्हावे. पावसाळा आणि एप्रिल-मे टाळावेत. गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये गळा सुंदर लागतो हे खरे, पण तिथल्या लांब घुमाऱ्यात पियानोचा डावा हात विरघळतो, आणि आपला अल्बम तर बासवर उभा आहे.

गायकाच्या तोंडाजवळ माइक ठेवला की फॉल्सेटो पोकळ, घुबडासारखा ऐकू येतो आणि श्वासाचा आवाज वाढतो. माइकांची मुख्य जोडी दोन-तीन मीटर दूर ठेवून खोलीसकट आवाज घ्यावा आणि जवळचा माइक फक्त शब्द स्पष्ट करण्यापुरता मिसळावा. पियानोचे झाकण लहान काठीवर ठेवण्याची अनेकांना सवय असते. माझा कल पूर्ण उघडे ठेवून गायकाला योग्य अंतरावर उभे करण्याकडे आहे, कारण अर्धे झाकण आवाज कमी करत नाही, मंद करते, आणि बासची स्पष्टता आधी जाते. गायक आणि पियानोवादक एकमेकांना दिसलेच पाहिजेत. रेसिटेटिव्हमध्ये कानावर विसंबून कॉर्ड टाकली तर ती नेहमी किंचित उशिरा पडते.

तासाभराच्या अल्बमसाठी तीन दिवस धरावेत. काउंटरटेनरचा आवाज सकाळी उशिरा चांगला लागतो, सलग तीन तासांपेक्षा अधिक गाऊ नये. प्रत्येक गीताचे आधी दोन-तीन संपूर्ण टेक घ्यावेत, तुकडे नंतर. ग्राउंड बासच्या गीतांत तुकडे जोडणे दिसते तितके सोपे नसते. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत असला तरी त्याची चाल आणि वजन प्रत्येक फेरीत थोडे बदललेले असते, आणि तिसऱ्या फेरीचा तुकडा सातव्या फेरीत बसवला की कानाला लगेच खटकतो.

शेवटी परवानगीची बाब, जी बहुतेक जण अल्बम तयार झाल्यावर आठवतात. पर्सेल, स्त्रोत्सी, हँडेल यांच्यावर कोणाचा हक्क नाही, पण त्यांच्या गीतांवर नंतर बांधलेली साथ ही स्वतंत्र कृती असते. ब्रिटनचे निधन 1976 मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, म्हणजे 2036 च्या अखेरीपर्यंत, आणि युनायटेड किंगडममध्ये 70 वर्षे, म्हणजे 2046 च्या अखेरीपर्यंत त्याच्या साथींवर हक्क राहतो. अल्बम जगभर प्रसारित होणार असल्याने दोन्हींचा विचार करून प्रकाशकाकडून ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्यावी. तुमच्या सहकाऱ्याने बांधलेली साथ त्याच्या नावावर राहील, हे दोघांत आधीच लिहून घ्यावे, आणि पुस्तिकेत प्रत्येक गीताखाली तीन गोष्टी छापाव्यात: बासची ओळ कोणत्या जुन्या प्रतीतून घेतली, साथ कोणी बांधली, आणि मूळ पट्टीपेक्षा गीत किती वर किंवा खाली घेतले.